रोड इन्स्पेक्टरची बाग



गेल्या हिवाळ्यात आजी पहिल्यांदा चंदीगडला आली. साताऱ्याजवळच्या आमच्या गावातून निघून पुणे, दिल्ली आणि मग इथे. तिला सुखना तलाव दाखवला, गुलाबांची बाग दाखवली. सेक्टर सतरातल्या कारंज्यासमोर फोटोही झाले. तिला सगळं ‘बरं’ वाटलं. आजीचं ‘बरं’ म्हणजे काय ते तुम्हाला तुमच्या आजीवरून कळलं असेलच. ही नोकरी लागल्यापासून मी तिला या शहराचं कौतुक सांगत होते, सरळ रस्ते, चौकाचौकात झाडं वगैरे. तिचं म्हणणं एकच, “सगळे रस्ते सारखेच दिसतात गं. माणूस चुकला तर विचारायचं काय?”

मग चौथ्या दिवशी तिला रॉक गार्डनला नेलं.

आत शिरल्यावर पहिली काही मिनिटं ती काहीच बोलली नाही. दरवाजे बुटके आहेत, वाकून जावं लागतं. गुडघ्यांमुळे तिचं लक्ष पायऱ्यांकडे होतं. मग एका वळणावर ती थांबली. समोर बायकांच्या पुतळ्यांची रांगच्या रांग होती आणि त्यांच्या अंगावरचे कपडे सगळे फुटक्या बांगड्यांचे. लाल, हिरव्या, पिवळ्या काचांचे तुकडे सिमेंटात एकाला एक लावून बसवलेले. आजी म्हणाली, “अगं, हे तर काचापाणी!”

तुमच्यातल्या लहानांना हा खेळ माहीत नसेल. फुटक्या बांगड्यांचे तुकडे जमिनीवर टाकायचे आणि दुसऱ्याला धक्का न लावता एकेक तुकडा बोटाने बाहेर काढायचा. आजीकडे म्हणे डबाभर काचा होत्या आणि लग्न होऊन सासरी येताना तो डबा माहेरी राहिला. साठ वर्षांनी त्या डब्याची आठवण तिला चंदीगडमध्ये झाली. तिथून पुढचे दोन तास ती मला शोधावी लागत होती, इतकी पुढे पुढे चालली होती.

घरी आल्यावर तिने विचारलं, “हे कुणी केलं गं? कुठला राजा?”

आजचा लेख म्हणजे तिला दिलेलं उत्तर. जरा लांबलं आहे, पण तिने पूर्ण ऐकलं होतं.

शेतकऱ्याचा पोरगा

राजा वगैरे कोणी नाही. हे केलं नेकचंद सैनी नावाच्या एका सरकारी रोड इन्स्पेक्टरने. रस्त्याचं काम चाललेलं असताना खडी, डांबर आणि मजूर यांच्यावर लक्ष ठेवणारा एक माणूस तिथे उभा असतो ना, तो. आपण त्याच्या शेजारून स्कूटर काढतो आणि त्याचा चेहराही पाहत नाही.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९२४ चा. गाव बेरियाँ कलाँ, तालुका शकरगढ. तेव्हा हा भाग गुरदासपूर जिल्ह्यात होता, आता पाकिस्तानच्या पंजाबात आहे. घर शेतकऱ्याचं. लहानपणी ते ओढ्याकाठच्या चिखलाची माणसं आणि जनावरं करत, बांगड्यांचे तुकडे गोळा करत. आई राजाराण्यांच्या गोष्टी सांगायची आणि पोरगा त्या गोष्टींतली राज्यं मातीत मांडायचा. आपल्याकडे दिवाळीत मुलं किल्ला करतात, त्यावर मावळे मांडतात, अळीव पेरून हिरवळ उगवतात, तसलाच हा नाद. फरक एवढाच की आपला किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत मोडतो आणि आपण मोठे होतो. नेकचंद यांचा किल्ला मोडला तो फाळणीत. सगळं गावच सुटलं.

१९४७ मध्ये हे कुटुंब लाखो इतरांसारखं चालत सीमेच्या अलीकडे आलं. शेत गेलं, घर गेलं, ओढाही गेला. निर्वासितांना काम देण्याची सरकारी योजना होती, तिच्यातून नेकचंद यांना १९५१ च्या सुमारास सार्वजनिक बांधकाम विभागात नोकरी मिळाली. तेव्हा नवं शहर उभं राहत होतं. लाहोर पाकिस्तानात गेलं, म्हणून भारतातल्या पंजाबला नवी राजधानी हवी होती. पंडित नेहरूंनी त्यासाठी फ्रान्सहून ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुरचनाकाराला बोलावलं होतं. शहराचं नाव चंदीगड.

आता एक गोष्ट बघा. नवं शहर कोऱ्या जमिनीवर उभं राहत नाही. इथे आधी गावं होती. आंब्याच्या बागा होत्या, विहिरी होत्या, चुली होत्या. सेक्टरांचे चौकोन आखायचे म्हणून त्यातली बरीच गावं उठवली आणि पाडली. ज्याचं स्वतःचं गाव चार वर्षांपूर्वी सुटलं होतं, तो माणूस दुसऱ्यांची गावं पाडून केलेल्या जागेत रस्ते करत होता. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मी सांगणार नाही, मला ते ठाऊक असल्याचा आव आणायचा नाही. पण त्यांनी काय केलं ते मात्र आज चाळीस एकरांत पसरलेलं आहे.

सायकल आणि दगड

१९५८ च्या सुमारास त्यांनी गोळा करायला सुरुवात केली. पाडलेल्या घरांतून फुटकी भांडी, चिनीमातीची खापरं, काचा. शहरातल्या बांधकामांवरून फुटलेल्या फरशा, संडासाची भांडी, वॉश बेसिनचे तुकडे, विजेचे जुने सॉकेट. कारखान्याच्या भट्टीतली मळी. सायकलींचे सांगाडे, सीट, हँडल, मडगार्ड. न्हाव्याच्या दुकानातले कापलेले केससुद्धा! पुतळ्यांच्या डोक्यावर काही ठिकाणी ते खरोखरच्या माणसांचे केस आहेत. आजीला हे मी तिथे सांगितलं नाही, घरी आल्यावर सांगितलं. बरं झालं.

आणि दगड. ड्यूटी संपली की सायकल काढायची आणि शिवालिकच्या पायथ्याशी घग्गर नदीच्या, सुखना आणि पटियाला की राव या ओढ्यांच्या कोरड्या पात्रात जायचं. पाण्याने घासून घासून ज्यांना पक्ष्यासारखा, माणसासारखा, वाकलेल्या म्हातारीसारखा आकार आला आहे असे दगड शोधायचे आणि कॅरिअरला बांधून आणायचे. इथे कधी आलात तर त्या पात्रांत एकदा चालून बघा. उन्हाळ्यात नुसते गोटे. मी एकदा एक बरा दिसणारा दगड उचलून रूमवर आणला. दोन किलोमीटर चालेपर्यंत हात भरून आला. नेकचंद यांनी हे सात-सात वर्षं केलं आणि तोपर्यंत एकही पुतळा उभा केला नव्हता. नुसतं जमवणं चाललं होतं.

रस्त्याच्या कामाचं सामान ठेवायला सरकारी गोदाम होतं, त्याच्या आसपास झाडीने भरलेली एक घळ होती. आताचा सेक्टर एक. जागा सरकारी आणि राखीव. तिथे काहीही बांधायला बंदी. कॉर्बुझिएने उभ्या केलेल्या विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय या भव्य इमारती तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. म्हणजे साऱ्या शहरात जिथे नियम सगळ्यांत कडक, नेमकी तीच जागा या माणसाने निवडली. झाडं तोडून थोडी मोकळी जागा केली, एक झोपडी बांधली आणि साधारण १९६५ पासून बांधायला घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॉर्बुझिए वारले.

दिवसा रस्ते, रात्री बाग. उजेडाला कधी कधी जुने टायर पेटवायचे. घरचे आणि मोजके सहकारी सोडले तर कुणाला पत्ता नाही. सायकलचा सांगाडा आत घालायचा, त्यावर सिमेंट थापायचं, ओलं असतानाच वर खापरं किंवा बांगड्या बसवायच्या. अशी माकडं, मोर, अस्वलं, पाणी भरणाऱ्या बाया, वाजंत्री, सैनिक, शाळेतली मुलं, नुसतीच बसलेली माणसं. डांबराची रिकामी पिंपं सिमेंटने भरून भिंती केल्या, आजही त्या भिंतींवर पिंपांच्या कड्या दिसतात. चौकामागून चौक, मधे बोळ, बोळातून पुन्हा चौक. गावासारखं. नकाशा कधीच नव्हता.

मंडळी, मला इथे एक तक्रार करायची आहे. रॉक गार्डनवर लिहिताना आम्ही कंटेंट लिहिणारे लोक हटकून ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणतो. मीही दोन वर्षांपूर्वी एका ट्रॅव्हल साइटसाठी तीनशे शब्दांत तेच लिहिलं होतं, ‘पर्यावरणपूरक’ हा शब्दही घातला होता. आता वाचताना लाज वाटते. टाकाऊतून टिकाऊ म्हणजे चौथीच्या कार्यानुभवाच्या तासाला आइस्क्रीमच्या काड्यांचा पेन स्टँड. नेकचंद यांच्या बाबतीत कचरा ही अर्धीच गोष्ट आहे. हा ढीग म्हणजे पाडलेल्या घरांचं सामान आहे. कुणाच्या तरी मनगटावरची बांगडी, कुणाच्या तरी चुलीजवळचं मडकं. ते त्यांनी उचललं आणि त्याला पुन्हा माणसाचा आकार दिला. शिवाय हे कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे दिले नव्हते, कोणी बघणारही नव्हतं. पकडलं गेलं असतं तर नोकरी गेली असती. एका निर्वासित माणसाची सरकारी नोकरी. पगारावर घर चालणाऱ्या कुणालाही विचारा याचा अर्थ काय होतो.

सापडले!

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला झाडी साफ करायला गेलेल्या सरकारी लोकांना जंगलात अचानक पुतळे दिसले. दोन-चार असते तर ठीक. जवळपास बारा एकर जागा भरून शेकडो पुतळे उभे, बसलेले, रांगेत.

नियमाप्रमाणे ते अतिक्रमण होतं. बुलडोझर आणायचा आणि कागदावर सही करायची, इतकं सोपं. आजच्या काळात कदाचित तसंच झालं असतं असं मला वाटतं, तुम्हाला काय वाटतं माहीत नाही. पण तेव्हा खात्यात काही जाणती माणसं होती. डॉ. महिंदर सिंग रंधावा हे त्यातलं मोठं नाव. वनस्पतिशास्त्रज्ञ, सनदी अधिकारी आणि या शहरात कुठे कोणती झाडं लावायची हे ठरवण्यात ज्यांचा वाटा होता ते. त्यांनी ही जागा जपावी असं मत दिलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वास्तुरचनाकार आणि नगररचनाकारांनी तिच्यात लुडबुड करू नये असंही बजावलं. लोकांच्या कानावर गेलं तसे लोक यायला लागले. एकदा लोक आले की सरकारला पाडणं जड जातं.

१९७६ मध्ये बाग सगळ्यांसाठी खुली झाली. ज्याला शिक्षा व्हायची त्यालाच सरकारने बढती दिली, ‘सब-डिव्हिजनल इंजिनीअर, रॉक गार्डन’ असं पद. पगार चालू, रस्त्यांचं काम बंद, हाताखाली पन्नास मजूर. शहरात ठिकठिकाणी फुटकी भांडी आणि चिंध्या गोळा करायची केंद्रं उघडली. म्हणजे आधी जे चोरून गोळा करावं लागायचं, ते आता लोक आणून देऊ लागले! १९८३ मध्ये बागेचं चित्र टपाल तिकिटावर आलं आणि १९८४ मध्ये नेकचंद यांना पद्मश्री मिळाली. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या मुलांच्या संग्रहालयासाठीही त्यांनी एक बाग केली.

मी इंग्रजी घेऊन बीए केलं, म्हणून एक शब्द सांगते. अशा कलेला तिकडे ‘आउटसायडर आर्ट’ म्हणतात. रॉजर कार्डिनल नावाच्या इंग्रज अभ्यासकाचं याच नावाचं पुस्तक १९७२ मध्ये आलं आणि शब्द रूढ झाला. कलाशाळेत न गेलेल्या, कलेच्या बाजारापासून लांब राहिलेल्या माणसांनी केलेली कला, असा त्याचा अर्थ. शब्द सोयीचा आहे, पण मला खटकतो. बाहेरचा म्हणजे कुणाच्या बाहेरचा? गॅलरीच्या बाहेरचा असेल. बागेत येणाऱ्या गर्दीत बघा. लुधियान्याहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलेलं कुटुंब, शाळेच्या सहली, हातात चुडा घातलेल्या नव्या नवऱ्या. यांच्यातला एकही माणूस पुतळ्यासमोर उभा राहून “याचा अर्थ काय?” असं विचारत नाही. कॉर्बुझिएच्या इमारती बघताना मात्र आम्ही सगळे गाइडच्या तोंडाकडे बघतो.

रात्रपाळीचे चित्रकार

हातांनी काम करणारी माणसं अशी कलेकडे वळलेली जगात सगळीकडे सापडतात. अमेरिकेत मोंटाना राज्यात चार्ल्स रसेल नावाचा एक मुलगा सोळाव्या वर्षी गुरं राखायला गेला. गुराढोरांच्या मोठमोठ्या कुरणांवरचा गडी. त्याला रात्रीची राखण असायची, त्यामुळे दिवसा चित्रं काढायला वेळ मिळायचा. १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात हजारो जनावरं मेली. मालकाने लांबून पत्र पाठवून विचारलं, गुरांचं कसं काय? रसेलने उत्तरादाखल पोस्टकार्डाएवढं एक चित्र धाडलं. बर्फात उभं असलेलं, बरगड्या निघालेलं एकच जनावर आणि भोवती वाट बघणारे लांडगे. पुढे तो अमेरिकेचा नामांकित चित्रकार झाला. पण मला वाटतं, त्याच्यातला चित्रकार त्या पोस्टकार्डातच पूर्ण होता. कळपात काय झालं हे त्या गड्याला जसं ठाऊक होतं, तसं स्टुडिओत बसलेल्या कुणाला कळलं असतं?

लांब कशाला, आपल्या पालघरचे जिव्या सोमा म्हसे घ्या. लहानपणी आई गेली, मुलगा बोलेनासा झाला आणि मातीत रेघोट्या ओढून सांगू लागला. पुढे शेतमजुरी केली. वारली चित्रं तोपर्यंत लग्नाच्या वेळी बायका भिंतीवर काढत, तांदळाच्या पिठाने. म्हसे यांनी ती रोज काढली, कागदावर आणि कापडावर काढली. त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो १९७६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी इकडे रॉक गार्डन खुली झाली त्याच वर्षी. पद्मश्री २०११ मध्ये मिळाली आणि मे २०१८ मध्ये ते गेले. आज वारली चित्र उशीच्या अभ्र्यापासून विमानतळाच्या भिंतीपर्यंत सगळीकडे आहे आणि म्हसे हे नाव विचारलं तर दहांतल्या दोघांना सांगता येईल. माझ्या ऑफिसात मी विचारून बघितलं. दोघांनासुद्धा नाही आलं.

पुन्हा रस्ता

तर परत चंदीगडला येऊ. पद्मश्री मिळाली आणि सगळं सुरळीत झालं असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बागेच्या जागेतून रस्ता काढायचा घाट घातला गेला. शेजारीच उच्च न्यायालय, तिथे गाड्यांची गर्दी. बुलडोझर आले तेव्हा शहरातली माणसं हातात हात धरून आडवी उभी राहिली. प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल बागेच्या बाजूने लागला.

मग १९९६. नेकचंद व्याख्यानांसाठी परदेशात होते. इकडे बागेची माणसं काढून घेतली गेली, राखण राहिली नाही आणि कुणीतरी आत शिरून पुतळ्यांची मोडतोड केली. तेव्हा ते सत्तरीचे होते. परत आल्यावर त्यांनी पुन्हा काम सुरू केलं. फुटलेल्या वस्तूंचं काय करायचं हे त्यांना वेगळं शिकवायची गरज नव्हती, असं मी विनोदाने लिहिणार होते. पण स्वतःच्या हाताने केलेलं फुटलेलं बघणं वेगळं असतं. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये त्यांच्या नावाने एक संस्था स्थापन झाली. तिथून स्वयंसेवक इथे येऊन पुतळे बसवायला, डागडुजीला मदत करत राहिले.

१२ जून २०१५ रोजी चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात नेकचंद यांचं निधन झालं. वय नव्वद. शेवटपर्यंत ते बागेत येत, लोकांशी बोलत. शहरातल्या ज्येष्ठ मंडळींना विचारलं तर प्रत्येकाकडे त्यांची एक आठवण असते, आणि ती बहुतेक वेळा साधीच असते. चहा पाजला, नाव विचारलं, कुठून आलात विचारलं.

आणि २०२५. वर्षाच्या सुरुवातीलाच बागेच्या तिसऱ्या भागाच्या एका बाजूची भिंत पाडली गेली. कारण? उच्च न्यायालयाकडे जाणारा रस्ता रुंद करायचा आणि गाड्या लावायला जागा करायची. शहरातले लोक पुन्हा जमले, फलक घेऊन उभे राहिले, मेणबत्त्या लावल्या. यावेळी भिंत मात्र पडली.

मी दोन्ही बाजू समजून घ्यायचा प्रयत्न केला. दोन राज्यांचं एकच हायकोर्ट आहे, पंजाब आणि हरियाणा. तारखेला आलेला शेतकरी गाडी कुठे लावणार? वकील कुठे लावणार? प्रश्न खरा आहे. पण रोज संध्याकाळी ऑफिसहून येताना मी या शहरात बघते, एका गाडीत एक माणूस, पुढच्या गाडीत एक माणूस, अशी रांग. त्या रांगेसाठी रस्ता कितीही रुंद केला तरी तो पाच वर्षांत पुन्हा भरणार. मग पुढची भिंत कोणती? ही बाग कोणी ठरवून, आराखडा करून, मंजुरी घेऊन बांधलेली नाही. म्हणून तिची वीट काढणं सोपं वाटत असावं. शेजारच्या कॅपिटॉल कॉम्प्लेक्सला २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं, तिथला एक दगड हलवायचा तर किती कागद फिरतील विचार करा. माझ्या मते रॉक गार्डनलाही कायद्याने तसंच पक्कं संरक्षण हवं, पूर्ण चाळीस एकरांना आणि बाहेरच्या भिंतीसकट. अर्धी बाग वारसा आणि उरलेली पार्किंगची राखीव जागा, असं चालणार नाही.

भिंत पडली ही बातमी आजीला सांगितली तेव्हा तिने काय विचारलं असेल? “त्यात काय काय बसवलेलं होतं?” मला उत्तर देता आलं नाही. मी त्या भिंतीशेजारून कितीतरी वेळा गेले होते, नीट बघितलं कधीच नव्हतं.

जाणार असाल तर

बऱ्याच जणांनी मागच्या लेखानंतर विचारलं होतं की चंदीगडला सुट्टीत मुलांना आणि आईवडिलांना घेऊन जाता येईल का. येईल. सकाळी बाग उघडते तेव्हाच जा, दुपारी ऊन तापतं आणि सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर फार गर्दी होते. चालणं पुष्कळ आहे, चढउतार आहेत, पायऱ्या आहेत. ज्येष्ठांना घाई करू नका, बसायला जागा मिळतात. बुटक्या दरवाजांतून जाताना उंच माणसांनी कपाळ सांभाळा. माझ्या भावाने नाही सांभाळलं.

मुलांना पुतळ्यांवर चढू देऊ नका. सिमेंट जुनं आहे, काचा बाहेर आलेल्या असतात. पण त्यांना एक खेळ द्या. कोणता पुतळा कशाचा केला आहे ते ओळखायचं. बशीचा कान, सायकलचं सीट, बाटलीचं बूच, प्लगची चिनीमाती. चिंध्यांच्या बाहुल्यांचं दालनही चुकवू नका. शिंप्यांकडच्या उरलेल्या कापडाच्या बाहुल्या आहेत, काही माणसाएवढ्या.

तिसऱ्या भागात उंच कमानींना मोठमोठे झोपाळे टांगले आहेत. तिथे रांग असते आणि रांगेत म्हातारी माणसंही असतात. आजी आधी नको नको म्हणाली. मग रांगेतल्या एका सरदारजींनी “आओ बीजी, तुसी पहले बैठो” म्हणून तिला पुढे केलं. आजीला पंजाबी येत नाही, पण एवढं तिला कळलं. पदर खोचून बसली. सरदारजींच्या नातवाने मागून झोका दिला, आणि झोपाळा चांगला वर गेल्यावर तिने माझ्याकडे बघून ओरडून सांगितलं की आता फोटो काढ.